आशियाई भाज्यांचे बियाणे घेताना आधी हंगाम पाहावा

घरच्या बागेत आशियाई भाज्या लावायचे ठरले की आधी भाज्यांची यादी तयार होते. पाक चोय, नापा कोबी, मिझुना, दायकोन मुळा, एदामामे, लांब शेंगांची चवळी, दोडका, कारले अशी नावे कागदावर येतात आणि मग त्या त्या नावाचे पाकीट शोधले जाते. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. बी कोणत्या आठवड्यात मातीत पडणार आहे, त्या वेळी दिवस वाढत असेल की घटत असेल, आणि पुढचे दोन महिने हवा कशी राहील, हे आधी ठरवावे. त्यानंतर त्या मुदतीत नीट वाढेल असे वाण शोधावे, आणि भाजीचे नाव त्यातूनच ठरू द्यावे. एकाच भाजीची दोन वाणे एकाच वाफ्यात, एकाच दिवशी पेरली असता एकाने घट्ट गड्डा धरला आणि दुसरे कोवळे असतानाच फुलावर आले, हे मी स्वतः पाहिले आहे. माती, पाणी, खत सगळे सारखेच होते. फरक केवळ पाकिटात होता.

या भाज्यांमध्ये हे इतक्या ठळकपणे का दिसते, त्याचे कारण त्यांच्या स्वभावात आहे. पाक चोय, नापा कोबी, मिझुना, तात्सोई, कोमात्सुना, चोय सम आणि आपले ओळखीचे सलगम ही सगळी ब्रासिका रापा या एकाच प्रजातीची रूपे आहेत. या प्रजातीचे आयुष्य मुळातच थोडे, आणि फुलण्याची घाई मोठी. मोठा होत जाणारा दिवस हे तिच्यासाठी फुलण्याचे एक निमित्त असते आणि कोवळ्या वयात लागलेली थंडी हे दुसरे. साध्या कोबीचे रोप ठरावीक आकाराचे झाल्याशिवाय थंडीची अशी दखल घेत नाही. नापा कोबीला मात्र बी भिजून मोड येऊ लागल्यापासूनच थंडी जाणवते. रोप लहान असताना हवा आठवडाभर १० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली राहिली, तर वाढत्या शेंड्यात पानांऐवजी फुलांची तयारी सुरू होते. पुढे दिवस मोठा आणि उबदार झाला की गड्डा धरण्याचे सोडून मधून दांडा वर येतो. कांद्याला डेंगळे येतात, त्यातलाच हा प्रकार आहे. एकदा दांडा निघाला की तो खुडून उपयोग नसतो, कारण झाडाने आपला मार्ग बदललेला असतो.

म्हणून वसंतात पेरणी करणाऱ्याने नापा कोबी, पाक चोय आणि दायकोन यांचे उशिरा फुलणारे वाणच घ्यावे. पाकिटावर किंवा यादीत त्यासाठी ‘स्लो बोल्ट’ किंवा ‘बोल्ट रेझिस्टंट’ असे शब्द असतात. ते नसतील आणि वाण वसंतासाठी आहे असेही कुठे म्हटलेले नसेल, तर ते पाकीट शरद ऋतूसाठी आहे असे समजून चालावे. शरदातली पेरणी मात्र फार उदार असते. दिवस लहान होत जातो, उष्णता उतरत जाते, आणि नापा कोबीला गड्डा भरताना हवे असलेले १५ ते २० अंशांचे हवामान नेमके त्या वेळी मिळते. पहिल्यांदाच या भाज्या लावणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगते की सुरुवात उतरत्या दिवसांत करावी. त्या काळात साध्या वाणांनाही यश येते आणि बियाण्याची निवड थोडी चुकली तरी हंगाम ती सावरून घेतो.

उष्ण हवेचा प्रश्न वेगळा आहे. फार उकाड्यात नापा कोबीची पाने मोकळीच राहतात, गड्डा धरत नाही. तैवानमधील शानहुआ येथे १९७१ साली स्थापन झालेल्या जागतिक भाजीपाला केंद्राने, ज्याचे जुने नाव आशियाई भाजीपाला संशोधन व विकास केंद्र असे होते, चिनी कोबी, म्हणजे नापा, हे आपल्या पहिल्या मोजक्या पिकांपैकी एक मानले आणि उष्ण प्रदेशातही गड्डा धरणारी वाणे तयार करण्यावर बरेच काम केले. आज ‘हीट टॉलरंट’ किंवा ‘ट्रॉपिकल’ म्हणून मिळणाऱ्या वाणांमागे अशा प्रयत्नांचा मोठा वाटा आहे. असे वाण थंडीत लावून काही साधत नाही. उलट यातली कित्येक वाणे थोड्याशा गारव्याने फुलावर येतात. ऐन उन्हाळ्यात पालेभाजीच हवी असेल, तर कोबीच्या कुळाशी झगडण्यापेक्षा माठ, मायाळू आणि पाण्यातही वाढणारी कांगकुंग यांचे बी घ्यावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. या तिघांना ऊब आवडते आणि त्यांची पाने वारंवार खुडता येतात.

शेंगा आणि वेल यांच्याबाबत दिवसाच्या लांबीचा परिणाम उलट दिशेने होतो. चौधारी घेवडा आणि वाल यांची पुष्कळ वाणे दिवस लहान झाल्यावाचून फुलतच नाहीत. विषुववृत्तापासून दूर, जिथे उन्हाळ्यातला दिवस पंधरा-सोळा तासांचा असतो, तिथे असा वेल मांडवभर पसरतो, हिरवागार दिसतो आणि शरद लागेपर्यंत एकही फूल देत नाही. मग फुले येतात तोवर थंडी दाराशी आलेली असते. अशा ठिकाणी राहणाऱ्याने दिवसाच्या लांबीशी बांधील नसलेले वाण शोधावे, आणि विकणाऱ्याला ते सांगता येत नसेल तर ती भाजी त्या वर्षी सोडून द्यावी. सोयाबीनच्या वाणांची तर याच आधारावर ००० पासून १० पर्यंत पक्वता गटांत विभागणी केलेली असते. लहान आकड्याची वाणे ध्रुवाकडील प्रदेशांसाठी आणि मोठ्या आकड्याची उष्ण कटिबंधासाठी असतात. एदामामे म्हणजे हिरव्या शेंगांसाठी लावलेले सोयाबीनच, त्यामुळे त्याचे पाकीट घेताना गट दिलेला असेल तर तो अवश्य वाचावा, आणि नसेल तर निदान लवकर तयार होणारे वाण आहे की उशिरा, हे तरी विचारावे.

एदामामेच्या बाबतीत आणखी एक वस्तू बियाण्यासोबतच घ्यावी लागते. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा ब्रॅडिरायझोबियम जॅपोनिकम हा जिवाणू, जिथे पूर्वी कधी सोयाबीन झालेले नाही अशा मातीत बहुधा नसतो. चवळी किंवा वाटाण्यासाठी विकले जाणारे जिवाणूसंवर्धक इथे चालत नाही; पाकिटावर सोयाबीनचे नाव असलेलेच हवे. पेरणीच्या दिवशी बी किंचित ओले करून त्याला ते चोळले की पुरते. संवर्धकातले जिवाणू जिवंत असतात, म्हणून त्याचीही मुदत पाहावी आणि ते उन्हात ठेवू नये.

आता नावांविषयी. या भाज्या अनेक भाषांतून फिरत आल्यामुळे एकाच भाजीला चार नावे आणि एकाच नावाच्या चार भाज्या असा घोळ आहे. ‘चिनी कोबी’ म्हणून गड्ड्याची नापाही मिळते आणि मोकळ्या पानांची पाक चोयही. ‘मस्टर्ड’ या शब्दाखाली मिझुनाही येते आणि खरी मोहरीही. हा गुंता सोडवण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे शास्त्रीय नाव आणि वाणाचे नाव अशी दोन्ही नावे लिहिलेले पाकीट घेणे. शास्त्रीय नावाचा उपयोग केवळ ओळखीपुरता नाही. नागाहारू उ या शास्त्रज्ञाने १९३५ साली दाखवून दिले की ब्रासिका रापा, ब्रासिका नायग्रा आणि ब्रासिका ओलेरेसिया या तीन मूळ प्रजाती असून त्यांच्या दोन-दोनच्या संकरातून ब्रासिका जुन्सिया, ब्रासिका नेपस आणि ब्रासिका कॅरिनाटा या उरलेल्या तीन प्रजाती निर्माण झाल्या. पालेभाजीची मोहरी ही जुन्सिया, म्हणजे रापा आणि नायग्रा यांच्या संकरातून आलेली. गाय लान ही ओलेरेसिया, म्हणजे कोबी-फुलकोबीची सख्खी बहीण. हेच शास्त्रज्ञ १९५० मध्ये कोरियाला गेले आणि तिथल्या कोबी व मुळ्याच्या बीजोत्पादनाचा पाया त्यांनी घातला.

घरच्या बागेत या माहितीचा थेट उपयोग होतो. मिझुना आणि सलगम शेजारी फुलले तर त्यांचा संकर होणारच, कारण दोन्ही रापा आहेत. गाय लान आणि फुलकोबी यांचेही तसेच. दायकोन मात्र मुळ्याच्या प्रजातीचा, म्हणून तो यांच्यापैकी कोणाशी मिसळत नाही, पण लाल गोल मुळ्याशी सहज मिसळतो. रापा प्रजातीच्या बहुतेक झाडांना स्वतःच्या परागाने शेंग धरत नाही, त्यामुळे चांगले बी मिळवायचे तर एकाच वाणाची बरीच झाडे फुलू द्यावी लागतात आणि आसपास काही शे मीटरपर्यंत दुसरे रापा फुललेले चालत नाही. लहान बागेत हे जमणे कठीण. म्हणूनच माझा स्वतःचा नियम असा आहे की या पालेभाज्यांचे बी मी विकतच घेते, आणि लांब शेंगांची चवळी व एदामामे यांचे मात्र एकदा चांगले सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण मिळाले की घरचेच बी राखते. त्यांची फुले स्वतःच्या परागाने फळतात, म्हणून वाण शुद्ध राहते.

संकरित की सरळ वाण, या वादात मला टोकाची भूमिका पटत नाही. नापा कोबी, दायकोन आणि काकडी यांच्या बाबतीत संकरित बियाण्याला, म्हणजे पाकिटावर ‘एफ १’ असे लिहिलेल्याला, मी प्राधान्य देते. सगळे गड्डे एका वेळी भरतात, आणि विशिष्ट रोगांना प्रतिकार करणारी वाणे प्रामुख्याने यातच असतात. उदाहरणार्थ, नापा कोबीच्या वाणाच्या नावात ‘सीआर’ ही अक्षरे असतील तर ते मुळांवर गाठी आणणाऱ्या क्लबरूट रोगाला प्रतिकारक असते. ज्या मातीत तो रोग एकदा शिरला आहे तिथे हीच अक्षरे निर्णायक ठरतात, कारण तो रोग मातीत अनेक वर्षे टिकतो. काकडीत आणखी एक गोष्ट पाहावी: काही संकरित वाण परागीभवनाशिवाय फळ धरतात, आणि जाळीखाली किंवा मधमाश्या न येणाऱ्या उंच गच्चीवर तेच उपयोगी पडतात. मिझुना, कोमात्सुना, माठ, मायाळू, चवळी यांना संकरित बियाण्याची गरज मला कधी भासली नाही. संकरित झाडाचे बी राखून पुढे पेरले तर पुढची पिढी एकसारखी निघत नाही, एवढे लक्षात असले म्हणजे झाले.

पाकिटावरचे आकडे वाचण्याची सवय लावून घ्यावी. ‘४५ दिवस’ असे लिहिले असेल तर ते पेरणीपासून की पुनर्लागवडीपासून, हे पाहावे. जागेवरच पेरायच्या भाज्यांचे दिवस सहसा पेरणीपासून मोजतात आणि रोपे करून लावायच्या भाज्यांचे पुनर्लागवडीपासून. दुसऱ्या प्रकारात रोप तयार होण्याचे तीन ते पाच आठवडे त्यात मिळवावे लागतात, आणि नापा कोबीसारख्या पिकात एवढ्या फरकाने हंगाम हातचा जाऊ शकतो. उगवणीची टक्केवारी, चाचणीचा महिना आणि लॉट क्रमांक ही तीन माहिती ज्यावर आहे, त्या पाकिटामागे कोणीतरी जबाबदारी घेतलेली असते. गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचे बी दिसले तर त्यावर बहुधा बुरशीनाशकाची प्रक्रिया झालेली असते. असे बी मातीत पेरायला हरकत नाही, पण मोड आणण्यासाठी किंवा ताटलीत कोवळे अंकुर वाढवून खाण्यासाठी ते कधीही वापरू नये. त्यासाठी प्रक्रिया न केलेले बी वेगळे मागवावे. कोबीच्या कुळातला काळी कूज हा रोग बियाण्यातूनही येतो, म्हणून या कुळाचे बी तपासणी करून विकणाऱ्याकडून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते.

विकणारा कोण, यावर माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्या यादीत वाणाचे नाव नाही, केवळ भाजीचे मोठे छायाचित्र आणि ‘दुर्मीळ आशियाई भाजी’ एवढेच शब्द आहेत, त्याच्याकडून बी घेऊ नये. आशियाई भाज्यांमध्ये विशेष काम करणारे बियाणे विक्रेते एकाच पाक चोयची पाच-सहा वाणे ठेवतात आणि प्रत्येकासमोर पेरणीचा काळ लिहितात. त्यांच्या यादीचे वाचन हेच मोठे शिक्षण असते. वाण कोणत्या अक्षांशावर चांगले होते, हे विचारल्यावर ज्यांना उत्तर देता येते, त्यांच्याकडे मी पुन्हा पुन्हा जाते.

परदेशातून बी मागवताना आपल्या देशाचे नियम आधी पाहणे आवश्यक आहे, आणि हे केवळ कागदी सोपस्कार नाहीत. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या लागवडीच्या बियाण्यासोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. कांगकुंग ही इतकी साधी पालेभाजी, पण अमेरिकेच्या संघीय उपद्रवी तणांच्या यादीत तिचे नाव आहे, कारण उबदार पाण्यात ती पसरून प्रवाह अडवते. एका ठिकाणची घरगुती भाजी दुसऱ्या ठिकाणच्या नदीला घातक ठरू शकते, म्हणून या नियमांबद्दल मला आदर वाटतो. २०२० च्या जुलै महिन्यात अमेरिकेसह अनेक देशांत लोकांच्या घरी न मागवलेली बियाण्यांची पाकिटे टपालाने येऊ लागली. त्यांत मोहरी, कोबी, पुदिना यांसारखी नेहमीची बियाणीही निघाली, तरीसुद्धा अमेरिकेच्या कृषी विभागाने ती पेरू नयेत आणि आपापल्या राज्यातील अधिकाऱ्यांना कळवावे असे सांगितले. ओळख नसलेल्या बियाण्यासोबत कोणता विषाणू किंवा कोणते तण येईल, हे डोळ्यांना दिसत नाही.

किती बी घ्यावे, याचा अंदाज पाकिटाच्या आकारावरून येत नाही. एका ग्रॅममध्ये पाक चोयच्या तीनशेहून अधिक बिया मावतात, माठाच्या हजाराहून अधिक, आणि कारल्याच्या जेमतेम पाच-सहा. पालेभाज्यांचे लहानातले लहान पाकीटही घरच्या बागेला पुरून उरते, विशेषतः एकदम सगळे न पेरता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे पेरले तर. कारले आणि दोडका यांच्या मात्र आठ-दहा बिया असल्या तरी दोन वेल हवे असणाऱ्याला पुरतात. कारल्याच्या बियेचे कवच जाड असते आणि तिला २५ ते ३० अंशांची ऊब लागते, म्हणून टोकाकडची कड किंचित खरवडून ती रात्रभर कोमट पाण्यात ठेवावी. दोडका आणि घोसाळे यांच्यात निवड करायची असेल तर फुलण्याची वेळही विचारात घ्यावी: घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. हाताने परागीभवन करावे लागणार असेल, तर आपण बागेत कधी असतो त्यावर ही निवड अवलंबून ठेवायला हरकत नाही.

उरलेले बी नीट ठेवले तर पुढच्या हंगामाची खरेदी वाचते. कोबीच्या कुळाचे आणि वेलवर्गीय भाज्यांचे बी थंड व कोरड्या जागी चार-पाच वर्षे सहज टिकते. कांद्याच्या कुळातले, म्हणजे पातीचा कांदा आणि लसणी चव असलेली चिनी पात यांचे, वर्ष-दोन वर्षांतच निर्जीव होते. शिसो या सुवासिक पानांच्या जपानी भाजीचे बी त्याहूनही नाजूक, वर्षभरात त्याची उगवण खूप उतरते, म्हणून ते दरवर्षी ताजे घ्यावे आणि पेरताना मातीत खोल दडपू नये, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. बियाण्यातली ओल एक टक्क्याने कमी झाली किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले, तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा बीजशास्त्रातला ढोबळ नियम आहे. घट्ट झाकणाची बाटली, तिच्यात सिलिका जेलची पुडी आणि फ्रिजमधला एक कोपरा एवढ्यावर हे साधते. बाटली बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड बियांवर हवेतली वाफ साचते. जुन्या बियाण्याबद्दल शंका असेल तर वीस बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवाव्यात. चौदा-पंधरा उगवल्या तर थोडे दाट पेरून काम भागते, दहाच्या खाली आल्या तर नवे पाकीट घ्यावे.

खरेदी वर्षातून दोनदा करावी असे मी सुचवीन. पहिली हिवाळ्याच्या शेवटी: कारले, दोडका, चवळी, एदामामे, माठ, मायाळू आणि उशिरा फुलणारी एक-दोन पालेभाजीची वाणे. दुसरी उन्हाळ्याच्या मध्यावर, शरदातल्या नापा कोबी, दायकोन, मिझुना, कोमात्सुना, गाय लान आणि शुंगिकू, म्हणजे पाने खाण्याची शेवंती, यांसाठी. ही दुसरी खरेदी पुष्कळजण विसरतात आणि शरद लागल्यावर शोधायला निघतात, तोवर चांगली वाणे संपलेली असतात. शिवाय नापाची रोपे उन्हाळा सरण्याआधीच तयार करावी लागतात. एदामामेचे बी मात्र या दुसऱ्या खरेदीत स्वस्त मिळाले तरी पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवू नये. सोयाबीनचे बी दमट उष्णतेत फार लवकर उगवणक्षमता गमावते, म्हणून ते पेरणीच्या आधी ताज्या चाचणीचे पाकीट पाहूनच घ्यावे.